वाटेवर जीव फार असतील तर

बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात राहत होते तेव्हाची गोष्ट. विनयपिटकातल्या ‘महावग्गा’त ती नोंदलेली आहे. लोक भिक्षूंवर चिडले होते. हिवाळा म्हणू नका, उन्हाळा म्हणू नका, भर पावसाळ्यातही ही माणसं हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीकसारीक जिवांचा जीव घेतात. दुसऱ्या पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी बसतात. पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्याला घरटं करून राहतात. मग यांनाच काय झालं? तक्रार बुद्धांच्या कानावर गेली आणि त्यांनी भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहायला सांगितलं. वर्षावासाचा नियम आला तो असा.

नियम बुद्धांनी घातला, पण त्यामागची नजर साध्या लोकांची होती. पावसात पायवाटेवर काय उगवतं, काय सरपटतं, पाखरं कधी बसती होतात, हे त्यांना रोजच्या वावरातून ठाऊक होतं आणि त्यांनी ते संन्याशांना सुनावलं. धर्माच्या इतिहासात आज्ञा बहुधा वरून खाली येते. इथे ती खालून वर गेली. ऋतू नुसता पाहणं हे धर्माचं काम आहे का, या प्रश्नाला इतकं थेट उत्तर दुसरीकडे सहसा सापडत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या उत्तराला डोंगरच साक्षी आहेत. अजिंठ्याच्या बाराव्या क्रमांकाच्या विहारात तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या आहेत आणि प्रत्येकीत दगडातच कोरलेले दोन ओटे. इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी हे एक. चित्रं पाहायला आलेली माणसं त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. पण पावसाळ्यात खाली वाघोरा नदी दुथडी भरून वाहत असताना एका ओट्यावर एक भिक्षू आणि समोरच्यावर दुसरा, असं मनात आणलं की वर्षावास म्हणजे काय ते कळतं. हा मुक्काम आरामाचा नव्हता आणि वाटेल तिथे करता येण्याजोगाही नव्हता. झाडाच्या ढोलीत, उघड्यावर किंवा छत्रीखाली वर्षावास धरायला विनयात मनाई आहे. गवळ्यांच्या तळावर किंवा तांड्याबरोबर मात्र तो चालतो, आणि तळ हलला तर भिक्षूनेही त्यांच्याबरोबर हलावं. श्वापदं मागे लागली, साप निघू लागले, चोर आले, पुराने निवारा वाहून गेला, तर मुक्काम सोडायची मोकळीक आहे. परिस्थिती पाहून केलेला असा हा नियम आहे.

या भागातला पावसाळा पाहण्याजोगाच असतो. मे महिन्यात वेरूळचे डोंगर करपलेले असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो, पहिला पाऊस जिरतो आणि ओल्या मातीतून मखमलीसारखे लालभडक मृगाचे किडे वर येतात. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, बोट लावलं की पाय आखडून स्तब्ध होणारे. पाठोपाठ पैसा किडे, गांडुळं, गोगलगायी. पावशा दिवसभर ओरडत असतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरण खोपे विणायला घेते. ज्या वाटेवर धूळ दिसायची तिथे आषाढात पाऊल ठेवायला रिकामी जागा उरत नाही.

अनवाणी चालणाऱ्या जैन साधूंना हे आणखी जवळून दिसलं असणार. ‘आचारांग सूत्रा’त चातुर्मासाविषयी जे सांगितलं आहे ते आजही थक्क करतं. पाऊस पडला, पुष्कळ जीव जन्मले, बी रुजलं, गवताखाली वाट दिसेनाशी झाली, की साधूने गावोगाव फिरू नये. आणि चार महिने सरले, वर हिवाळ्याचे पाच-दहा दिवस गेले, तरी वाटेवर जीव फार असतील तर अजूनही निघू नये. म्हणजे पंचांगाने परवानगी दिली तरी ती पुरेशी नाही. शेवटचा शब्द वाटेचा, आणि वाट वाचता यायची तर खाली वाकून पाहायला हवं. उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना बेसावधपणाला मध्यभागी ठेवलं, ते याच धाग्याला धरून आहे.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी शेवटची पाच जैनांची. कैलास लेणं पाहून दमलेली माणसं बहुधा तिथवर जात नाहीत, हे त्यांचं नुकसान आहे. ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत बाहुबलींची मूर्ती आहे. वर्षभर ते एका जागी उभे राहिले, अशी कथा. वेली त्यांच्या पायांवरून मांड्यांवर, तिथून दंडांवर चढल्या आहेत आणि पायथ्याशी साप, हरणं निवांत आहेत. या लेण्यांत बाहुबलींच्या समोर बहुधा पार्श्वनाथ असतात, त्यांच्यावर वादळ-पाऊस आणि शिळांचा मारा चाललेला आणि डोक्यावर नागाने फणा धरलेला. एकीकडे ऋतू माणसावर तुटून पडतो, दुसरीकडे तो माणसाच्या अंगावर हळूहळू उगवतो. दोघेही जागचे हलत नाहीत. माणूस पुरेसा वेळ एका जागी राहिला तर भोवतालचे जीव त्याला घाबरायचं सोडतात, ही गोष्ट पक्षीनिरीक्षक आज दुर्बीण घेऊन शिकतो. ती इथे हजार-अकराशे वर्षांपूर्वी कोरून ठेवलेली आहे.

आज चातुर्मास म्हटला की मराठी घरात आधी स्वयंपाकघर आठवतं. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी होते आणि मग कांदा, लसूण, वांगं बंद. ते व्रत ज्यांना करायचं त्यांनी जरूर करावं. पण ज्या नियमाची सुरुवात पायांपासून झाली तो ताटापुरता उरावा, ही हानी आहे. तिथी पाळली जाते, वाट कोणी पाहत नाही. आणि पाऊस तर आता तिथीला जुमानत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात, पाऊस ओसरायच्या दिवसांत, मराठवाड्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. अशा वर्षी ‘आचारांगा’तली ती पाच-दहा दिवसांची पुरवणी तिथीपेक्षा खरी ठरते.

इथे एक अवघड प्रश्न आडवा येतो. भिक्षूने जमीन खणायची नाही, साधूने गवतावर पाऊल द्यायचं नाही. पण दोघांच्या भिक्षापात्रात पडणारं अन्न कोणीतरी जमीन नांगरूनच पिकवलेलं असतं. २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं रात्रीतून फस्त केली. शेतकऱ्यांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकली, खाली जमलेल्या गोगलगायी सकाळी वेचल्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवल्या. या शेतकऱ्याला हिंसक म्हणायचं का?

याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर ज्यांनी दिलं, त्यांचा छत्रपती संभाजीनगर शहराशी जवळचा संबंध आहे. १९५० साली इथे मिलिंद महाविद्यालय उभं करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. अहिंसा हा त्यांच्या लेखी आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हता, माणसाला विचार करायला लावणारं ते तत्त्व होतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत शहरातल्या वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत संध्याकाळी याच ग्रंथाचं वाचन चालतं. दिवसभर कामावर राबलेली माणसं तिथे मांडी घालून बसतात. वर्षावास धरायला गुहा लागत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं आहे.

गोणपाट उचलणाऱ्या शेतकऱ्याला गोगलगाय कधी येते, कुठे लपते, काय खाते, हे माहीत असतं. त्याची हिंसा डोळे उघडे ठेवून केलेली आहे आणि तिचं ओझं त्याला कळतं. बेसावधपणा खरा दुसरीकडेच आहे. पावसाळ्यातल्या रविवारी वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. धबधबा, धुकं, भाजलेलं कणीस, सगळं होतं आणि अंधार पडल्यावर गाड्या वेगात परततात. नेमके त्याच वेळी बेडूक, साप, पैसा किडे ओल्या डांबरावर आलेले असतात. त्यांना मारायची इच्छा कोणाचीच नसते, गरज तर मुळीच नसते. चाकाखाली काही आलं, हेसुद्धा काच लावून बसलेल्यांना कळत नाही. राजगृहाच्या लोकांची तक्रार आज भिक्षूंना लागू होत नाही. ती आपल्याला लागू होते.

तीन महिने घरी बसा, असं आज कोणी कोणाला सांगणार नाही. पण आषाढ ते भाद्रपद या काळात म्हैसमाळचा घाट शक्यतो दिवसाउजेडी उतरावा. रात्र झालीच तर गाडी सावकाश हाकावी, आणि रस्त्यावर काही हलताना दिसलं तर थांबून त्याला आधी जाऊ द्यावं.