मुलीचा रंग कसा आहे?

लग्नासाठी स्थळ पाहताना महाराष्ट्रात जे प्रश्न उघडपणे विचारले जातात, त्यांत शिक्षण, नोकरी आणि पत्रिका यांच्या बरोबरीने मुलीच्या रंगाचा प्रश्न असतो. बायोडाट्यात ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एक शब्द लिहिला जातो. ‘काळा’ असे त्या रकान्यात सहसा कोणी लिहीत नाही. मध्यस्थ ‘मुलगी रंगाने जरा डावी आहे, पण नाकी-डोळी नीटस आहे’ असे सांगतो आणि ऐकणारा त्यातले ‘पण’ बरोबर ओळखतो. उंची विचारावी तितक्या सहजपणे हा प्रश्न विचारला जातो. विचारणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. म्हणूनच तो नीट तपासायला हवा. रंग कशाने ठरतो, त्यावरून माणसाविषयी काय कळते, त्याला एवढे मोल का आले आणि ते कोणाला चुकवावे लागते, हे त्यातले मुख्य मुद्दे आहेत.

त्वचेचा रंग मुख्यत्वे मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. मेलॅनोसाइट नावाच्या पेशी ते तयार करतात. या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. त्या किती आणि कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य बनवतात व ते वरच्या थरात कसे पसरते, यावर रंग ठरतो. हा फरक निर्माण झाला तो उन्हामुळे. नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅपलिन या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. विषुववृत्ताजवळच्या प्रखर उन्हात शरीरातील फोलेट हे जीवनसत्त्व नष्ट होते. गडद त्वचा त्याचे रक्षण करते. उत्तरेकडच्या मंद उन्हात ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी फिकट त्वचा उपयोगी पडते. म्हणजे पूर्वजांच्या अनेक पिढ्या किती उन्हात गेल्या, याची ती खूण आहे. बुद्धी, स्वभाव, कर्तबगारी किंवा घराणे यांच्याशी तिचा संबंध नाही.

रंगाच्या वारशात अनेक जनुके भाग घेतात. त्यांपैकी एसएलसी२४ए५ या जनुकाचे महत्त्व २००५ मध्ये झेब्राफिश या छोट्या माशावरील संशोधनातून लक्षात आले. या जनुकाचा त्वचा उजळ करणारा प्रकार युरोपीय लोकांत सर्रास आढळतो. तोच प्रकार भारतीय लोकांतही मोठ्या प्रमाणावर आहे आणि दोन्हीकडे त्याचा उगम एकच आहे, असे २०१३ च्या एका अभ्यासातून दिसले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. भारतात हा प्रकार वायव्येकडे अधिक आणि दक्षिण व पूर्वेकडे कमी आढळतो, तरी एकाच प्रदेशातील समाजांतही त्याचे प्रमाण वेगवेगळे असते. अनेक जनुकांचे असे मिश्रण दर वेळी नव्याने होत असल्यामुळे एकाच आईबापांची दोन मुले रंगाने वेगळी निघतात. गरोदर स्त्रीने केशर घातलेले दूध घेतल्यास बाळ गोरे होते, ही समजूत या वारशापुढे टिकत नाही, कारण रंगाचा वारसा गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. जन्मलेले बाळ बहुधा उजळ दिसते आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याचा खरा रंग दिसू लागतो. त्याचा दोष आईच्या खाण्यापिण्याला देणे चूक आहे.

पुढचा प्रश्न थोडा दबक्या आवाजात विचारला जातो. रंगावरून आणि चेहऱ्यावरून जात ओळखता येते का? ‘घारी-गोरी म्हणजे अमुक’, ‘दिसतो तर तमुक जातीचा’ अशी वाक्ये घरोघरी ऐकू येतात. या समजुतीला एकेकाळी शास्त्राचा पोशाख चढवला गेला होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड लावली. नाक जितके निमुळते तितकी जात वरची, असा त्यांचा दावा होता.

हा दावा खोडून काढण्यात महाराष्ट्रातील अभ्यासकांचा वाटा मोठा आहे. मालवणला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया भक्कम करणारे गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात रिस्ले यांचीच मापे तपासली आणि त्यांचा नियम उत्तर हिंदुस्थानाबाहेर टिकत नाही, हे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, तर पंजाबचा आणि मद्रासचा ब्राह्मण वंशाने वेगळे आहेत, असा मुद्दा मांडला. अस्पृश्यांवरील १९४८ च्या ग्रंथात मापांचाच आधार घेऊन त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशभेद नसल्याचा निष्कर्ष काढला.

इरावती कर्वे यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतरांहून वेगळी असते आणि त्यातून त्याचे बौद्धिक श्रेष्ठत्व दिसते, ही कल्पना त्यांना कवट्या मोजून तपासायची होती. त्यांच्या मोजमापात वंशानुसार असा फरक सापडला नाही आणि त्यांनी तो नाही असेच लिहिले. फिशर यांच्या कल्पना पुढे नाझी राजवटीच्या कामी आल्या. पंचविशीतील एका मराठी विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाच्या गृहीताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याच्याच संस्थेत मांडला, ही गोष्ट प्रत्येक मराठी घराला माहीत असायला हवी. मानवजातीतील जनुकीय वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच असतो, हे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले आणि वंशाच्या कप्प्यांचा उरलासुरला आधारही डळमळला.

शास्त्राचा आधार नाही, तरी गोरेपणाला मोल कसे आले? त्याला एकच कारण नाही. शेतात, बांधावर आणि रस्त्यावर राबणाऱ्याची कातडी उन्हाने रापते. घरात बसून खाणाऱ्याची रापत नाही. त्यामुळे उजळ रंग ही संपन्नतेची खूण झाली. वरच्या मानलेल्या जातींनी स्वतःची ओळख गोरेपणाशी जोडली आणि दीड शतकाहून अधिक काळच्या इंग्रजी सत्तेने राज्य करणाऱ्याचा रंगच गोरा ठरवला. तिन्हींत समान असलेली गोष्ट म्हणजे दर्जा. गोरेपण सुंदर मानले गेले ते आधी वरचे मानले गेल्यामुळे. सावळ्या विठ्ठलाच्या दर्शनाला पायी जाणारे कुटुंबही सून गोरी शोधते, याचा उलगडा इथे होतो. देवाच्या रूपात रंग हा भक्तीचा विषय आहे; लग्नात तो घराच्या प्रतिष्ठेचा विषय होतो.

काळ्या रंगाचा माणूस दख्खनच्या इतिहासात कायम तळाशीच होता असे नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्याने वसवलेले खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तोवर मोगलांना त्याने दख्खनमध्ये सुखाने राज्य करू दिले नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता तर शतकानुशतके टिकली. दुसरीकडे, एका लहानशा मराठी भाषक समाजातही रंगाच्या नावाने भिंत उभी राहिली. कोकण किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवार पाळणारे बेने इस्रायल या ज्यू समाजाचे लोक ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशा दोन गटांत विभागले होते. ज्यांचा वंश बाहेरच्या स्त्रियांपासून झालेला मानला जाई, ते काळे. त्यांच्याशी गोऱ्यांची सोयरीक होत नसे. याच समाजातील अनेक कुटुंबे इस्रायलला गेली, तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांच्याच वंशशुद्धीविषयी शंका घेतली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना बरोबरीचा हक्क मान्य झाला. कुळाच्या शुद्धतेचा प्रश्न ज्याने दुसऱ्याला विचारला, त्यालाही तो एक दिवस विचारला जातो.

या मोलाची किंमत प्रामुख्याने मुलीला मोजावी लागते. काळ्यासावळ्या मुलाला ‘पुरुषाचा रंग कोण बघतो’ असे म्हणून सूट मिळते. मुलीच्या बाबतीत रंग हा सौद्याचा मुद्दा होतो. हुंडा घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी रंगाने डाव्या मुलीच्या बापाने जास्त द्यावे, ही अपेक्षा मानपानाच्या बोलणीत आडून व्यक्त होते. लग्नानंतरही टोमणे थांबत नाहीत. २०२३ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने पतीचा घटस्फोटाचा अर्ज नाकारताना पत्नीला रंगावरून हिणवण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले आणि ही मानसिकता घरातूनच बदलायला हवी, असे बजावले.

रंगाच्या या चिंतेवर बाजारही उभा राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत ‘अफगाण स्नो’ हे क्रीम लोकप्रिय झाले. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. तिच्या जाहिरातींतील मुलीला रंग उजळल्यावर नोकरी किंवा नवरा मिळत असे. २००५ मध्ये पुरुषांसाठीही वेगळे क्रीम निघाले. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन मंडळाने २०१४ मध्ये गडद रंगाची माणसे दुःखी किंवा अपयशी दाखवू नयेत, असा नियम केला. २०२० मध्ये अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनानंतर ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले आणि लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली.

नावे बदलली, तरी धोका सरलेला नाही. स्टिरॉइड असलेली मलमे गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने लावली जातात. त्यांमुळे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर केस येतात आणि मलम थांबवले की आग होते. म्हणूनच २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. पारा असलेली क्रीम तर मूत्रपिंडावर घाला घालतात. २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे उघड झाले. त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला होता. उजळ दिसण्याची सक्ती नसती, तर हा आजार त्या घरात शिरलाच नसता.

लहान मुलांवर होणारा परिणाम याहून खोल असतो. ‘काळ्या’, ‘डांबर’ ही टोपणनावे शाळेत चालतात आणि घरातील मोठी माणसे त्यावर हसतात. ‘उन्हात खेळू नकोस, काळी होशील’ असे ऐकत वाढलेली मुलगी मैदान सोडते. तिच्या व्यायामाचे आणि मोकळेपणाचे नुकसान कोणी मोजत नाही.

रंग-रूपाचा हा निकष बाहेरून आलेल्या माणसालाही लावला जातो. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला भाड्याची खोली मिळणे अवघड जाते. मणिपूर, नागालँड किंवा अरुणाचल प्रदेशातून आलेल्या तरुणांना ‘तुम्ही मूळचे कुठले? चीनचे का?’ असे विचारले जाते. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या बातम्या आणि अफवा यांमुळे ईशान्येकडील हजारो लोक पुणे आणि बंगळूर सोडून गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक शेरेबाजीविरुद्ध स्वतंत्र कायदेशीर तरतूद सुचवली. ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न स्वतः वाईट नाही. एका मराठी माणसाने दुसऱ्याला गाव विचारण्यात ओळख वाढवण्याची ओढ असते. उत्तर मिळाल्यावरही ‘नाही, पण मूळचे?’ असे विचारले जाते, तेव्हा समोरच्याचे इथले असणेच नाकारले जाते.

‘प्रत्येकाला आपली आवड असते, त्यात वर्णद्वेष कुठला?’ असा युक्तिवाद यावर हमखास केला जातो. व्यक्तीची आवड खासगी असते, हे खरे. मात्र एखादी आवड लाखो घरांत एकाच दिशेने झुकते, ती छापील रकान्यात बसते आणि तिच्यासाठी पैशांची देवघेव होते, तेव्हा ती आवड राहत नाही. तिची रूढी होते. रूढीचा विचार समाजानेच करायचा असतो. महाराष्ट्राला या विचाराची परंपरा आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. रंगाचा आणि जातीचा अन्याय एकाच जातकुळीचा आहे, हे ओळखणारी दृष्टी इथे दीडशे वर्षांपासून आहे. ती व्याख्यानांतून बैठकीच्या खोलीत यायला हवी.

त्यासाठी करायच्या गोष्टी साध्या आहेत. बायोडाट्यातला ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा. मध्यस्थाने रंगाविषयी विचारले, तर ‘तो प्रश्न आमच्याकडे नाही’ असे वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगावे. गरोदर सुनेला केशर द्यायचे तर चवीसाठी द्यावे. मुलांना रंगावरून नाव ठेवणाऱ्या पाहुण्याला तिथल्या तिथे थांबवावे. लग्न ठरवताना माणसाचा स्वभाव, आरोग्य, विचार आणि जबाबदारी घेण्याची तयारी यांविषयी हवे तेवढे विचारावे, कारण त्यांवर संसार चालतो. रंगावर तो कधीच चाललेला नाही.