ताइफचा वेढा आणि विजयाची कसोटी

सामर्थ्य हाती असताना मागे फिरणे हा पराभव मानावा काय? मनुष्याचे मन सहसा याचे उत्तर 'होय' असेच देते. ताइफच्या वेढ्याचा प्रसंग मात्र या उत्तराचा फेरविचार करावयास लावतो.

हिजरी सन 8, म्हणजे इ.स. 630. मक्का जिंकून काही दिवसच झाले होते. हवाजिन व सकीफ या टोळ्या युद्धासाठी एकत्र आल्या आणि हुनैनच्या खोऱ्यात लढाई झाली. मुस्लिमांचे सैन्य 12,000 होते आणि काहींना आपल्या संख्येचा अभिमान वाटला. परंतु पहिल्याच हल्ल्यात त्यांची दाणादाण उडाली. संख्या उपयोगी पडली नाही, अल्लाहच्या मदतीनेच पाय पुन्हा स्थिरावले, याची आठवण पवित्र कुरआनने सूरह तौबामध्ये करून दिली आहे.

पराभूत सकीफ लोक ताइफच्या तटबंदीआड गेले व मुस्लिमांनी शहराला वेढा घातला. मोठे दगड फेकणारे मंजनीक हे यंत्र वापरण्यात आले. तटावरून बाणांचा वर्षाव झाला, तापलेले लोखंड फेकले गेले आणि अनेक सहाबा (रजि.) शहीद झाले. द्राक्षमळे तोडण्याची आज्ञा झाली होती. सकीफ लोकांनी अल्लाहचा व नात्यागोत्याचा वास्ता देऊन विनवणी केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती तोड थांबविली.

अखेर प्रेषितांनी (स.) वेढा उठविण्याचे ठरविले. सहाबांना ते जड गेले. शहर न जिंकताच परतायचे? कुणीतरी सकीफला शाप द्यावा अशी विनंती केली. प्रेषितांनी (स.) मात्र सकीफला सन्मार्ग लाभावा, अशीच प्रार्थना केली.

हे तेच ताइफ होते, जिथे सुमारे अकरा वर्षांपूर्वी सत्याचा संदेश घेऊन गेलेल्या प्रेषितांवर (स.) दगडफेक करून त्यांना रक्तबंबाळ करण्यात आले होते. त्या वेळीही त्यांनी या लोकांचा विनाश इच्छिला नव्हता. यांच्या वंशात तरी एकमेव अल्लाहची उपासना करणारे निपजतील, एवढीच आशा त्यांनी व्यक्त केली होती.

येथे एक शंका घेता येईल. तट मजबूत होता, शत्रूपाशी धान्यसाठा होता, तेव्हा माघार हा केवळ युद्धनीतीचा हिशेब नव्हे काय? हिशेब होताच, आणि तो योग्यही होता. परंतु हिशेबाने फार तर वेढा उठतो, ओठांवर शत्रूसाठी दुआ येत नाही. जो शत्रूला नमविण्यासाठी लढतो, तो यश न मिळाल्यास चडफडतो. जो त्याच्या कल्याणासाठी झटतो, तो तलवार म्यान करूनही आपले कार्य चालूच ठेवतो.

पुढच्याच वर्षी, हिजरी 9 मध्ये, सकीफचे शिष्टमंडळ स्वतः मदीनेस आले. त्यांच्यासाठी मस्जिदीतच तंबू उभारण्यात आला. लात या मूर्तीला काही काळ तरी राहू द्यावे व नमाजमधून सूट मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही गोष्टी नाकारल्या गेल्या. क्षमा म्हणजे तत्त्वाशी तडजोड नव्हे, हे येथे स्पष्ट होते. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर अरबस्तानात अनेक टोळ्यांनी बंड केले, तेव्हा ताइफ मात्र इस्लामवर अढळ राहिले. बळाने उघडलेल्या दरवाजांवर पहारा ठेवावा लागतो, मनाने उघडलेल्यांवर नाही.

आपणही आपापल्या परीने वेढे घालून बसलेले असतो. भाऊ भावाला वाटणीसाठी कोंडीत धरतो, शेजारी शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे अबोला धरतो. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: समोरचा माणूस वाकावा असे मला वाटते, की तो सुधारावा? वाकवायचेच असेल तर मागे फिरणे अपमानास्पदच वाटेल. तो सुधारावा असे खरोखर वाटत असेल, तर वेढा उठवून त्याच्यासाठी दुआ करणे अवघड जाणार नाही. अल्लाह आपल्याला ती सद्बुद्धी देवो. आमीन.