श्रद्धा कोणाची, हुकूम कोणाचा

अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या पट्ट्यात उमेदवाराचे आडनाव वाचले की तो देवळात जातो की चर्चमध्ये, हे बहुतेक वेळा मतदाराला विचारावेच लागत नाही. लोपीस, डाबरे, तुस्कानो ही आडनावेच ते सांगून टाकतात. कोळी, वाडवळ, आगरी आणि कुपारी एकाच बाजारात मासळी नि भाजी घेतात, त्यामुळे हा भेद एरवी कोणाला बोचत नाही. निवडणूक आली की मात्र एक शंका दबक्या आवाजात फिरू लागते : हा निवडून आला तर लोकांचे ऐकेल की फादरांचे? अमेरिकेत हीच शंका मॉर्मन उमेदवारांबद्दल शंभराहून अधिक वर्षे जाहीरपणे विचारली गेली आहे. माझ्या मते या शंकेत एक रास्त प्रश्न आणि एक अन्याय्य प्रश्न असे दोन प्रश्न गुंतले आहेत. ते सोडवून वेगळे केले नाहीत तर रास्त प्रश्नही वाया जातो.

अन्याय्य प्रश्न श्रद्धेच्या मजकुराचा. मॉर्मन पंथीयांचा स्वतःचा धर्मग्रंथ आहे, त्यांच्या संस्थापकाला सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला मजकूर सापडला असे ते मानतात, आणि एके काळी त्यांच्यात बहुपत्नीत्व होते. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटते, म्हणून असा माणूस राज्यकारभार काय करणार, असे विचारले जाते. पण चमत्कारिक वाटणे हे बहुतेक वेळा ओळख नसल्याचे लक्षण असते. कुमारीच्या पोटी जन्म, रेड्यामुखी वेद किंवा सदेह वैकुंठगमन यांवर श्रद्धा असलेली माणसे अर्थखाते नीट सांभाळताना आपण पाहिली आहेत. श्रद्धेच्या मजकुरावरून धोरण ओळखता येत नाही, याचा महाराष्ट्रातला ठळक दाखला बॅ. अंतुले यांचा. राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री झालेल्या या गृहस्थांच्याच कारकिर्दीत कुलाबा जिल्ह्याला शिवछत्रपतींच्या राजधानीचे, रायगडाचे नाव मिळाले. आणि 1967 साली स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत धूळ चारणारे जॉर्ज फर्नांडिस तरुणपणी पाद्री होण्यासाठी सेमिनरीत शिकत होते. मतदारांनी त्यांच्यात कामगार पुढारी पाहिला, आणि ते बरोबरच होते.

रास्त प्रश्न दुसराच आहे. या उमेदवाराला हुकूम देऊ शकेल अशी कोणी व्यक्ती वा संस्था मतदारांच्या पलीकडे आहे का, आणि तो हुकूम राज्यघटनेच्या आड आला तर तो काय करील? 1903 साली युटा राज्यातून रीड स्मूट अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आले, तेव्हा ते मॉर्मन चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक होते. म्हणजे हुकूम देणाऱ्या मंडळातच त्यांचे आसन होते. त्यांचे सदस्यत्व रद्द करावे का, यावर 1904पासून सुनावणी चालली, खुद्द चर्चच्या अध्यक्षांना साक्षीला बोलावले गेले, आणि समितीचा कौल विरोधात असूनही 1907 साली सिनेटने त्यांना कायम ठेवले. बहुपत्नीत्वाचा गवगवा पुष्कळ झाला. स्मूट यांची बायको एकच होती. पण सुनावणीच्या मुळाशी असलेली चर्चच्या सत्तेबद्दलची शंका खोटी नव्हती. पुढे 1960 साली अध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार जॉन केनेडी यांनी ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मगुरूंसमोर उभे राहून सांगितले की सार्वजनिक बाबतीत आपण आपल्या चर्चच्या वतीने बोलत नाही आणि चर्च आपल्या वतीने बोलत नाही. 2007 साली मिट रॉम्नी यांना मॉर्मन म्हणून टेक्सासमध्येच तसले भाषण करावे लागले.

आपल्या कायद्याने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123व्या कलमात दोन वेगळ्या तरतुदी आहेत. एक धर्माच्या नावावर मते मागण्याविरुद्ध. डिसेंबर 1987च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतला डॉ. रमेश प्रभू यांचा विजय तिच्यामुळेच रद्द झाला. उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले. तो खटलाही मूळचा मुंबईतल्या सांताक्रूझच्या निवडणुकीचा. दुसऱ्या तरतुदीची चर्चा कमी होते, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते : अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल, अशी भीती घालणे हा गैरवाजवी दबाव ठरतो. 1959 साली रामदयाळ विरुद्ध संतलाल या खटल्यात नामधारी शिखांच्या गुरूंनी अनुयायांना काढलेले फर्मान न्यायालयाने याच कसोटीवर तपासले आणि निवडणूक रद्द ठरली. गुरूने आपली पसंती सांगायला हरकत नाही. अनुयायाला नाही म्हणायची सोयच उरू नये, इथे कायदा आडवा येतो.

यावर आक्षेप येतो की, मग हा प्रश्न चर्चलाच लागू होतो. हिंदूंना पोप नाही, धर्मप्रांत नाही, बिशपचे पत्रक नाही. वसईला 1998पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, बिशप आहेत, हे खरे. 2017 साली गांधीनगरच्या आर्चबिशपांच्या निवडणूकपूर्व पत्राबद्दल निवडणूक आयोगाने खुलासा मागितला, हेही खरे. पण हुकूम सुटायला पोपच लागतो असे थोडेच आहे? अर्ज भरण्याआधी मठात, बुवांच्या पायाशी, गडावरच्या गादीपुढे रांग लावणारे उमेदवार सर्व पक्षांत आहेत. गावकीचे आणि जातपंचायतीचे हुकूम इतके जाचक होते की त्यांच्यासाठी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. ख्रिस्ती उमेदवाराला जे विचारले जाते ते या मंडळींना कोणी विचारत नाही, कारण बहुसंख्यांचा धर्म हवेसारखा, असतो पण दिसत नाही. उलट कॅथलिक चर्चचा धर्मकायदा धर्मगुरूंना राजसत्तेतली पदे घ्यायलाच मनाई करतो. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य असलेले जेझुइट फादर रॉबर्ट ड्रायनन यांनी 1980 साली पोपच्या आदेशावरून पुन्हा निवडणूक लढवली नाही. हुकूम कसा चालतो याचे इतके स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. फक्त तो सत्ता सोडण्याचा हुकूम होता.

अर्नाळ्याच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची 2019 साली साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा आपल्याकडे हीच परीक्षा झाली, आणि आपण तिच्यात धड उत्तीर्ण झालो नाही. धर्मप्रसारक माणूस मराठी सारस्वताचा अध्यक्ष कसा, म्हणून धमकीचे फोन आले. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळचे संपादन, ‘सुबोध बायबल’ला मिळालेला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आणि हरित वसईच्या लढ्यात जमीनखोरांविरुद्ध घेतलेली भूमिका हा सगळा पुरावा समोर होता. आक्षेप घेणाऱ्यांना पुरावा नको होता, झगा पुरेसा होता.

यापेक्षा खोल आक्षेप असा की श्रद्धा आणि निर्णय यांची अशी वाटणी होतच नाही. जो माणूस आपली श्रद्धा कार्यालयाबाहेर ठेवतो त्याची श्रद्धाच पोकळ. हे मला मान्य आहे, आणि केनेडींचे उत्तर इथे अपुरे पडते. फेब्रुवारी 2020मध्ये रॉम्नी यांनी महाभियोगात स्वपक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिले आणि कारण म्हणून देवासमोर घेतलेल्या शपथेचा उल्लेख केला. ज्या श्रद्धेच्या प्रभावाची भीती घातली गेली होती तिने प्रभाव दाखवला, तोही पक्षाच्या हुकमाविरुद्ध. म्हणून प्रभाव शून्य असावा असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तो प्रभाव माणसाला नाही म्हणायचे बळ देतो की काढून घेतो, हे त्याच्या आधीच्या वागण्यावरून तपासता येते. रॉम्नी यांचे वडील जॉर्ज हेही मॉर्मनच. त्यांचे चर्च कृष्णवर्णीयांना 1978पर्यंत पौरोहित्य नाकारत होते, तरी मिशिगनचे गव्हर्नर असताना त्यांनी नागरी हक्कांची बाजू घेतली. अर्थात प्रत्येक उमेदवाराचे असे वागणे पुढे आलेले नसते, आणि नवख्याबाबत मतदाराला अंदाजानेच चालावे लागते.

अर्नाळ्याच्या मतदाराला हा वाद आणखी एका कारणाने जवळचा आहे. त्याचा लोकसभा मतदारसंघ पालघर, म्हणजे अनुसूचित जमातींसाठी राखीव. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी बांधलेला आहे : आधी हिंदू, 1956पासून शीख, 1990पासून बौद्धही. जमातींना अशी अट नाही. वारली किंवा महादेव कोळी उमेदवार कोणाला भजतो हा कायद्याचा विषय नाही. धर्मांतर केलेल्या आदिवासींना यादीतून वगळा, या मागणीने तो विषय व्हावा असा प्रयत्न चालू आहे. ती मान्य झाली तर जातीच्या दाखल्याबरोबर श्रद्धेचाही दाखला जोडावा लागेल, आणि उमेदवार रविवारी कुठे गेला होता याची चौकशी तहसील कचेरीत होईल. ज्याला गावदेव आणि क्रूस दोन्ही चालतात, त्याच्या अर्जावर तहसीलदाराने काय शेरा मारायचा?