धडधाकट माणसाचे कोडे

1918 च्या सप्टेंबरात मुंबईत इन्फ्लुएंझाची दुसरी लाट उसळली आणि देशभर पसरली. लोकांनी तिला मानमोडी म्हटले. भारतातल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात, पण त्याहून बुचकळ्यात टाकतात ती बळींची वये. एरवीचा फ्लू तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना गाठतो. या साथीने विशीपासून चाळिशीपर्यंतची कर्ती माणसे नेली. जगभरच्या वर्णनांत तेच आश्चर्य पुन्हा पुन्हा येते : माणूस धडधाकट होता, तरी गेला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या प्रश्नावर जे संशोधन झाले, ते माझ्या मते या ‘धडधाकट’ शब्दाचीच उलटतपासणी आहे.

सुरुवातीला साहजिकच सारा दोष जंतूवर गेला. 1933 मध्ये लंडनजवळच्या मिल हिल येथे स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट या प्राण्याच्या मदतीने माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा केला, आणि पुढची कित्येक दशके त्याचा जहालपणा मोजण्यात गेली. 2005 मध्ये तर 1918 चा विषाणू प्रयोगशाळेत नव्याने घडवला गेला आणि तो उंदरांना झपाट्याने मारतो हेही दिसले. पण त्याच विषाणूने एका घरातल्या चौघांना गाठले, तिघे आठवड्याभरात उठून कामाला लागले आणि चौथा गेला, तर त्या चौथ्याचे उत्तर विषाणूत कसे सापडणार? तो तर चौघांतही सारखाच होता. 1918 चे बहुतेक मृत्यू फ्लूपाठोपाठ जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियाने झाले, हे आज मान्य आहे. पण त्याने प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकतो. जिवाणूंना वाट याच्याच फुप्फुसात का मिळाली?

वळण आले ते उंदरांमुळे. 1957 मध्ये ॲलिक आयझॅक्स यांच्याबरोबर इंटरफेरॉन हे शरीराचे विषाणूरोधक प्रथिन शोधणारे स्विस शास्त्रज्ञ जाँ लिंडेनमान यांनी 1962 मध्ये एक विलक्षण गोष्ट नोंदवली. इतर उंदीर ज्या मात्रेने मरत, तीच टोचूनही ‘ए2जी’ वाणाचे उंदीर तगत होते. हे बळ एका जनुकातून येते आणि ते जनुक इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर जागे होते, हे पुढे उलगडले. मला यातला सर्वांत मोलाचा धागा वेगळाच वाटतो. अपवाद ए2जी उंदरांत नव्हताच. प्रयोगशाळांतल्या बहुतेक वाणांमध्ये ते जनुक मोडलेले होते आणि ए2जीमध्ये ते शाबूत होते. ज्याला सारे ‘नेहमीचा उंदीर’ समजत होते, तोच उणा होता. ते उणेपण दिसायला फ्लू व्हावा लागला.

माणसांत हे दाखवणे फार अवघड. घरातली माणसे जनुके वाटून घेतात तसेच अन्न, हवा आणि दाटीही वाटून घेतात. 2008 मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळींवरून फ्लूने मरण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक दिसली. त्याच वर्षी आइसलंडच्या 1918 च्या नोंदींतून तसा ठोस पुरावा मिळाला नाही. 2012 मध्ये ‘आयएफआयटीएम3’ या जनुकातला एक बदल गंभीर फ्लूशी जोडला गेला, पण पुढच्या सगळ्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला नाही. भक्कम पुरावा आला तो एकाच रुग्णाकडून. 2011 मध्ये फ्रान्समधल्या अडीच वर्षांच्या एका मुलीला फ्लूने मरणाच्या दारात नेले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की इंटरफेरॉन पुरेसे तयार व्हायला लागणाऱ्या ‘आयआरएफ7’ जनुकाच्या तिच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. आईकडून एक आली होती, वडिलांकडून एक. दोघेही आईवडील निरोगी होते.

एवढ्या दुर्मीळ दोषाने कोट्यवधींच्या आजाराचा उलगडा कसा होणार, हा आक्षेप रास्त आहे. त्या मुलीने उलगडा केला नाही, कुठे पाहायचे ते दाखवले. 2022 मध्ये दिसले की फ्लूच्या न्यूमोनियाने गंभीर झालेल्यांपैकी सुमारे 5 टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे होती. त्यांची जनुके मोडलेली असण्याची गरज नव्हती. इंटरफेरॉन तयार होऊनही वाटेतच अडवले जात होते. वरून ती मुलगी आणि हे रुग्ण वेगळे, आतली उणीव एकच.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. मुंबईत 1918 मध्ये या साथीने युरोपियनांमध्ये हजारी 8.3 माणसे गेली, तर तेव्हा ‘खालच्या’ ठरवलेल्या जातींमध्ये हजारी 61.6. सातपट फरक जनुकांचा नव्हे. तो खोल्यांच्या दाटीचा, उपासमारीचा, शुश्रूषेला कोणी नसण्याचा आहे. मग जनुके शोधणे म्हणजे चाळीतून नजर काढून घेणे नव्हे का? तसे होऊ शकते, आणि झाले तर तो अन्याय ठरेल. पण किती जण मरतील आणि त्यांतले नेमके कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर बहुतांशी परिस्थितीत आहे, दुसऱ्याचे शरीरात. आणि परिस्थितीही अखेर शरीरातच उतरते. क्लीव्हलँडमधल्या एका संग्रहातल्या 369 जणांच्या सांगाड्यांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नडगीच्या हाडावर आधीच्या ताणाच्या किंवा दाहाच्या ताज्या खुणा होत्या, ते 1918 च्या साथीत मरण्याची शक्यता इतरांहून बरीच जास्त होती. म्हणजे साथ सरसकट धडधाकटांना नेत होती, हे गृहीतच डळमळीत होते. सोसलेल्याची खूण हाडात होती, चेहऱ्यावर नव्हती.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न : सर्वांनाच लस द्यायची, तर कोण कशाने उणा हे जाणून काय करायचे? त्याचे उत्तर त्या फ्रेंच मुलीकडेच आहे. आयआरएफ7 मोडलेले असले तरी लसीने तयार होणारी प्रतिपिंडे तिच्या शरीराला जमतात, हे संशोधकांना कळले. संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा ती 7 वर्षांची होती. तिचे जनुक दुरुस्त झालेले नव्हते. ती दरवर्षी फ्लूची लस घेत होती, आणि तसा आजार तिला पुन्हा झाला नव्हता.