हिशेबाची दुसरी बाजू

रमजान आला की आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक गणिताच्या तासाला जकातीचे उदाहरण हमखास घालतो. "एका माणसाकडे वर्षभर 4,00,000 रुपये शिल्लक राहिले. शेकडा अडीचप्रमाणे जकात किती?" उत्तर सोपे आहे, 10,000. मालेगावच्या आमच्या वर्गातही बहुतेकांनी ते बरोबर काढले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, जिसको मिलती है, वो हिसाब कैसे लिखे?"

वर्ग गप्प झाला. तिच्या घरी दरवर्षी जकात येते, हे सगळ्या मुलांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त आम्हाला.

पैशाचे शिक्षण आपण नेहमी देणाऱ्याच्या बाजूने देतो. बचत करा, उधळपट्टी टाळा, ईदी बँकेत टाका. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे खाते चालवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये दिली, तेही आम्ही उत्साहाने सांगितले. पण व्यापाऱ्याचा मुलगा ईदी खात्यात टाकतो आणि साचा चालवणाऱ्याचा मुलगा तीच ईदी घरभाड्यासाठी अम्मीच्या हातावर ठेवतो. यातल्या पहिल्याला आम्ही शाबासकी दिली आणि दुसऱ्याला 'बचतीची सवय नाही' असे म्हटले. खरे तर घराची गरज त्याने आपल्याआधी ओळखली होती.

आमचा पगार महिन्याला होतो, म्हणून आम्ही महिन्याचे अंदाजपत्रक शिकवतो. साच्यावरच्या कामगाराची मजुरी आठवड्याची असते, तीही जेवढे कापड विणले तेवढीच. वीज गेली की मजुरीही गेली. अशा घरातले मूल शिल्लक टाकायला शिकण्याआधी उधारी सांभाळायला शिकते. तेही ज्ञानच आहे.

मात्र गरिबीचे गोडवे गाऊन चालणार नाही. टंचाई माणसाला काटकसर शिकवते, पण व्याजाचा हिशेब आपोआप शिकवत नाही. लग्नासाठी दरमहा शेकडा 3 दराने 10,000 रुपये काढले, तर वर्षाला 3,600 रुपये नुसते व्याजात जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. व्याज हराम आहे एवढे सांगून आपण मोकळे होतो. ते घर कसे पोखरते, हे फळ्यावर मांडून दाखवत नाही.

आणि खात्यापित्या घरातल्या मुलाला काय शिकवायचे? मालदाराच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे, अशी कुरआनची शिकवण आहे. दान देऊन उपकार बोलून दाखवला तर ते दान वाया जाते, अशीही आहे. म्हणजे देणाऱ्याने रकमेबरोबर घेणाऱ्याची इज्जतही सांभाळायची असते. अडीच टक्क्यांच्या उदाहरणात ही गोष्ट येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर नवे उदाहरण लिहिले. एका घराला 10,000 रुपये मिळाले. भाडे थकले आहे, किराणावाल्याची उधारी आहे, वह्यापुस्तके घ्यायची आहेत. आधी काय? त्या मुलीने हात वर केला. "पहले किराना, सर. उधार बंद हुई तो चूल्हा बंद." व्यापाऱ्याच्या मुलाने विचारले, "आणि भाडे?" मग दोघे मिळून हिशेब मांडू लागले. आम्ही खडू त्यांच्या हाती दिला.