सेतूचा जीर्णोद्धार

लहान गावाच्या नदीवरील जुना पूल पाडून नवा बांधणे हे सामान्यतः अभियंत्यांचे आणि अंदाजपत्रकाचे काम मानले जाते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेली वस्तू केव्हा सोडावी आणि ती वेळेत न बदलल्याचा दोष कोणाकडे जातो, हे त्यामागील प्रश्न धर्मविचाराचे आहेत.

धर्मशास्त्राने यज्ञादी वैदिक कर्मांना ‘इष्ट’ आणि विहिरी, तळी, देवालये यांसारख्या लोकोपयोगी कामांना ‘पूर्त’ असे म्हटले आहे. पूर्ताची सांगता ‘उत्सर्ग’ म्हणजे त्याग या विधीने होते. तळे खोदणारा त्या वेळी पाण्यावरील आपले स्वामित्व सोडून ते सर्व प्राणिमात्रांना अर्पण करतो. मात्र जे सर्वांचे झाले त्याची काळजी कोणी वाहायची, ही अडचण येथूनच सुरू होते. विहीर, बाग, तळे किंवा देवालय यांचा पुन्हा संस्कार करणाऱ्यालाही मूळ कर्त्याचेच फळ मिळते, असे विष्णुस्मृती सांगते, आणि या अडचणीचे उत्तर तिच्या या वचनात सापडते. स्वामित्व सोडले तरी कर्तव्य सुटत नाही. ते पुढच्या पिढीकडे जाते.

हा संस्कार म्हणजे केवळ डागडुजी नव्हे. ‘जीर्णोद्धार’ या संकल्पनेत, म्हणजे झिजलेल्याच्या उद्धारात, जुन्याचे विसर्जनही येते. अग्निपुराणाच्या मते जीर्ण मूर्ती विधिपूर्वक विसर्जित करून तिच्या जागी नवी स्थापावी. पुरीच्या जगन्नाथाच्या काष्ठमूर्ती ‘नवकलेवर’ विधीत बदलल्या जातात. १९९६ आणि २०१५ मध्ये जुन्या मूर्तींतील ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तींत ठेवून जुन्यांना मंदिराच्या आवारातच भूमीत विसावा देण्यात आला. कलेवर बदलले तरी देव तोच राहतो, ही यामागची श्रद्धा आहे.

पुलाच्या बाबतीत असे टिकवायचे तत्त्व कोणते, याचे उत्तर ‘सेतु’ या शब्दातच आहे. ‘सि’ म्हणजे बांधणे या धातूपासून तो आला असून, छांदोग्य उपनिषदाने आत्म्याला लोकांना धारण करणारा सेतू म्हटले आहे. धारण हाच सेतूचा प्राण होय. ज्या दगडी कमानींतून तो निघून गेला आहे, त्या केवळ ममतेपोटी वापरात ठेवणे ही कृतज्ञता नसून मोह आहे.

या मोहाइतकीच उदासीनताही घातक असते, हे महाडजवळ दिसले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह त्यावरील माणसे वाहून गेली. जून २०१७ मध्ये तेथे नवा पूल खुला झाला. जे काम एका वर्षाच्या आत होऊ शकते ते माणसे गेल्यावरच व्हावे, हे कोणत्याही धर्मविचाराला मान्य होणार नाही.

याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन सार्वजनिक वस्तूवर सर्वांचा हक्क सिद्ध केला. ज्या वस्तूवर सर्वांचा हक्क आहे तिच्यावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाचा जीव सुरक्षित ठेवणे, हे त्या हक्काचेच दुसरे अंग आहे. म्हणून जुना पूल ढासळण्यापूर्वी त्याला कृतज्ञतेने निरोप देणे आणि त्याचे धारणाचे काम नव्या पुलाकडे सोपवणे, हेच त्याच्या मूळ बांधणाऱ्यांचे पूर्त पूर्णत्वास नेणे होय.