आधी आकार, मग संकरण

औरंगपुऱ्यातल्या क्लासहून आलेली शेजारची मुलगी परवा माझ्यासमोर पॅरासिटामॉलचा रेणू वहीत काढत होती. नायट्रोजनपाशी आल्यावर तिनं बोटांवर मोजलं: तीन सिग्मा बंध, एक लोन पेअर, बेरीज चार, म्हणजे एसपी थ्री संकरण. मोजणी बिनचूक होती, उत्तर चुकलं होतं.

ती लोन पेअर नायट्रोजनवर स्वस्थ बसत नाही. शेजारच्या कार्बनचा ऑक्सिजनशी दुहेरी बंध आहे, तिकडे ती ओढली जाते. त्यासाठी तिला तीन बंधांच्या प्रतलाशी काटकोनात, पी कक्षकात असावं लागतं. मग ते तिन्ही बंध सपाट पसरतात आणि नायट्रोजन एसपी टू होतो. पुरावा बंधाच्या लांबीत आहे. साधा कार्बन-नायट्रोजन बंध १.४७ अँगस्ट्रॉमचा, अशा जोडणीतला, म्हणजे अमाइडमधला, सुमारे १.३३ चा. लायनस पॉलिंग यांनी १९५१ मध्ये प्रथिनांतला अल्फा हेलिक्स मांडला तो तिथल्या अमाइड बंधांचा हाच सपाटपणा धरून. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेला प्रथिनसाखळीच्या वळणांचा नकाशाही त्यावरच उभा आहे.

मुलीचा दोष नाही. सीईटीत ९० मिनिटांत भौतिक आणि रसायनशास्त्राचे १०० प्रश्न सोडवायचे असतात. सूत्र हाताशी लागतंच. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. संकरण ठरवा आणि त्यावरून आकार सांगा, असं आपण शिकवतो. घडलं उलटं. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या टोकांकडे जातात हे व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्येच सांगितलं, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. एस आणि पी कक्षक मिसळून त्या आकाराचा हिशेब पॉलिंग यांनी १९३१ मध्ये लावला. अणू आधी संकरित होऊन मग बंध जोडायला बसत नाही.

आमच्या छत्रपती संभाजीनगरला हे समजावून सांगायला परकं उदाहरण नको. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथे महाविद्यालय काढलं. त्याला मिलिंदाचं आणि परिसराला नागसेनाचं नाव मिळालं. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का. राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. रथ हे सगळे भाग जुळून आल्यावर दिलेलं नाव असतं. संकरणाचंही मला तसंच वाटतं. मिथेनमधले बंधाचे इलेक्ट्रॉन बाहेर काढून ऊर्जा मोजली, तर दोन निरनिराळे आकडे मिळतात. चार एकसारख्या एसपी थ्री कक्षकांवरून एकच आकडा यावा असं वाटतं. दिशा सांगायला मात्र ते चित्र उत्तम आहे.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही वही मिटली आणि फुगे आणले. चार फुगे गाठीशी घट्ट बांधले की कुणी न सांगता चतुष्फलक होतो, कोन १०९.५ अंशांच्या आसपास. एक फोडला की उरलेले तीन सपाट, १२० अंशांवर. मग मी पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड शेजारी लिहिलं. दोन्हींत बेरीज चारच, पण पाण्यात कोन १०४.५ अंश आणि सल्फाइडमध्ये ९२. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली.

जाताना दारात थांबून तिनं विचारलं, “काका, मग अ‍ॅनिलिनमधला नायट्रोजन?” तिथे लोन पेअर बेंझिनच्या कड्याकडे झुकते, पण अमाइडमधल्याइतकी नाही. नायट्रोजन पुरता सपाट होत नाही, अमोनियासारखा टोकदारही राहत नाही. त्यासाठी तिच्या वहीत रकाना नव्हता.